एच, जे, के, एल : कळांच्या मालकीचा पन्नास वर्षांचा इतिहास

थ्रेड.

क्यूटब्राउझर, व्हिमियम किंवा ट्रायडॅक्टिल वापरणाऱ्या माणसाचा उजवा हात सहसा माउसकडे जात नाही. जे ही कळ दाबली की पान खाली सरकते, के दाबली की वर. एफ दाबली की पडद्यावरील प्रत्येक दुव्यावर एकदोन अक्षरांची चिठ्ठी उमटते आणि ती अक्षरे टंकताच दुवा उघडतो. ही व्यवस्था पसंत नसेल, तर कोणत्या कळेने काय करावे हे वापरणारा स्वतः ठरवू शकतो. आता दोन प्रश्न. इंग्रजीत ‘खाली’साठी ‘डाउन’ हा शब्द असताना डी सोडून जे का? आणि कळेला अर्थ देण्याचा अधिकार नेमका कोणाचा : यंत्र घडवणाऱ्याचा, प्रोग्राम लिहिणाऱ्याचा, पान प्रसिद्ध करणाऱ्याचा की टंकणाऱ्याचा? पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका जुन्या टर्मिनलवर अक्षरशः छापलेले आहे. दुसऱ्याचा निकाल अजून लागलेला नाही.

१९७६ साली लिअर सीग्लर या अमेरिकी कंपनीने एडीएम-३ए नावाचे टर्मिनल बाजारात आणले. पडदा आणि कळफलक एकाच पेटीत. स्वतःची बुद्धी जवळजवळ नाही. कंपनी स्वतःच त्याची जाहिरात ‘डंब टर्मिनल’ म्हणून करीत असे. ते स्वस्त होते आणि म्हणूनच विद्यापीठांतून पसरले. त्यावर बाणांच्या स्वतंत्र कळा नव्हत्या. डावा, खालचा, वरचा आणि उजवा असे चार बाण अनुक्रमे एच, जे, के आणि एल या अक्षरांच्या कळांवरच छापलेले होते. कंट्रोल दाबून ती अक्षरे दाबली की कर्सर त्या त्या दिशेला सरके.

बाण नेमके या चार अक्षरांवर कसे आले, याचे मूळ आणखी मागे, ॲस्की संकेतावलीत आहे. तिच्यात कंट्रोल-एच म्हणजे एक घर मागे, आणि कंट्रोल-जे म्हणजे ओळ खाली. दूरमुद्रकाच्या काळापासून चालत आलेले हे संकेत. त्यांच्या शेजारचे कंट्रोल-के आणि कंट्रोल-एल हे मूळचे कागद सरकवण्याचे संकेत या टर्मिनलने ‘वर’ आणि ‘उजवीकडे’ यांसाठी वापरले. म्हणजे आज जे दाबून वेबपान खाली सरकवणारा तरुण नकळत दूरमुद्रकाच्या कागदाची एक ओळ पुढे ढकलत असतो.

याच टर्मिनलपुढे बसून बिल जॉय या बर्कलीच्या विद्यार्थ्याने व्हीआय हा संपादक घडवला. त्या उन्हाळ्यात लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजचे जॉर्ज कूलूरिस बर्कलीला आले होते. युनिक्सचा मूळ संपादक ‘ईडी’ सामान्यांना झेपत नाही म्हणून त्यांनी ‘ईएम’ नावाची सुधारित आवृत्ती केली होती. ‘मर्त्य मानवांसाठीचा संपादक’ असा तिच्या नावाचा अर्थ. जॉय आणि त्याचा सहकारी चक हेली यांनी तिच्यावरून पुढचा संपादक ‘ईएक्स’ रचला आणि त्याचे दृश्य रूप म्हणजे व्हीआय. जॉयच्या घरी ३०० बॉडचा मोडेम होता, म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरे. २४ ओळी आणि ८० रकाने असलेला पडदा एकदा भरायला मिनिटाहून अधिक वेळ. अशा परिस्थितीत प्रत्येक कळ मोलाची ठरते. ‘शब्द पुसून टाक’ ही आज्ञा दोन कळांत मावली पाहिजे, ही त्या काळची गरज होती. हौशीचा त्यात भाग थोडा.

त्या टर्मिनलवर एस्केप ही कळ क्यूच्या लगत डावीकडे होती, जिथे आज टॅब असते. कंट्रोल होती एच्या डावीकडे, जिथे आज कॅप्स लॉक निष्कारण जागा अडवून बसलेली आहे. अपूर्णविरामाला शिफ्ट लागत नसे. व्हीआय वापरताना करंगळी ज्या कसरती करते त्या मूळ यंत्रावर कसरती नव्हत्याच. यंत्र गेले, सवय उरली, आणि पुढच्या पिढ्यांनी कॅप्स लॉकला एस्केप किंवा कंट्रोल बनवून ती जुनी जागा परत मिळवली. कळांच्या फेरमांडणीचा हा सर्वांत प्रचलित प्रकार म्हणजे एका परीने १९७६ च्या कळफलकाचा जीर्णोद्धार आहे.

अक्षराची कळ आज्ञाही देणार आणि अक्षरही उमटवणार, तर कोणत्या क्षणी काय हे ठरवावे लागते. व्हीआयने त्यासाठी ‘मोड’ ठेवले : एका मोडमध्ये कळा म्हणजे आज्ञा, दुसऱ्यात कळा म्हणजे मजकूर. याच काळात कॅलिफोर्नियातच, झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात, लॅरी टेस्लर हा माणूस मोडविरुद्ध जणू मोहीम चालवत होता. तिथल्या ब्राव्हो या संपादकाची एक कथा नेहमी सांगितली जाते. आपण मजकूर टंकण्याच्या मोडमध्ये आहोत असे समजून कोणी ‘एडिट’ हा शब्द टंकला. ‘ई’ने सारा मजकूर निवडला गेला, ‘डी’ने तो पुसला गेला, ‘आय’ने नवा मजकूर घालण्याचा मोड सुरू झाला आणि ‘टी’ हे एकच अक्षर पडद्यावर शिल्लक राहिले. टेस्लर आणि टिम मॉट यांनी नंतर जिप्सी हा मोडविरहित संपादक केला. कट, कॉपी आणि पेस्ट यांची आजची पद्धत त्यातूनच रूढ झाली. पुढे टेस्लर ॲपलमध्ये गेला. लिसा आणि मॅकिंटॉश या यंत्रांबरोबर झेड, एक्स, सी, व्ही या चार शेजारी कळांची जोडणी जगभर पसरली. त्याच्या मोटारीच्या पाटीवर ‘नो मोड्स’ अशी अक्षरे होती.

टेस्लरचा विजय इतका निर्णायक ठरला की आजचा बहुतेक संगणक-वापर मोडविरहित आहे. तरीही त्याची किंमत मोजावी लागली, आणि ती फारशी बोलली जात नाही. अक्षरांच्या कळा केवळ मजकुरासाठी राखल्या की आज्ञांसाठी कंट्रोल, आल्ट, शिफ्ट यांचे जोड लागतात. जोड थोडे असतात, प्रोग्राम अनेक. मग ब्राउझर, कार्यप्रणाली आणि उघडलेले पान या तिघांची एकाच जोडावर झोंबी होते. माउसविना चालणारे ब्राउझर मोडकडे परतले ते याच टंचाईमुळे.

इथे पूर्व किनाऱ्याकडे वळावे लागते. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत टेको नावाचा संपादक वापरात होता. रिचर्ड स्टॉलमन याने १९७४ च्या सुमारास त्यात अशी सोय केली की कोणत्याही कळेला टेकोमध्ये लिहिलेला कोणताही छोटा प्रोग्राम जोडता यावा. परिणाम जो व्हायचा तोच झाला. जो तो आपापल्या कळा रचू लागला, अशा रचनांचे संग्रह जन्माला आले, त्यांना नावे पडली. काही काळाने अवस्था अशी झाली की एकाच प्रयोगशाळेतला माणूस दुसऱ्याच्या खुर्चीवर बसून साधी ओळही दुरुस्त करू शकेना. तीच कळ इथे शब्द पुसते, तिथे ओळ हलवते.

गाय स्टील या सहकाऱ्याने १९७६ मध्ये हे सारे संग्रह गोळा करून, लोकांशी बोलून, एक सामाईक रचना ठरवण्याचे काम हाती घेतले. पुढे स्टॉलमनने ते तडीस नेले, आणि त्यातून ईमॅक्स निघाला. स्वातंत्र्याच्या अतिरेकातून जन्मलेले हे प्रमाणीकरण होते, आणि प्रमाणीकरण करतानाही स्वातंत्र्य काढून घेतले गेले नाही. प्रत्येक कृतीला एक नाव द्यायचे. कळ त्या नावाशी बांधायची. मूळ बांधणी सर्वांची एक, पण ज्याला हवी त्याने ती आपल्यापुरती बदलायची. संगणकाच्या इतिहासात या निर्णयाला मिळायला हवा तेवढा मान मिळालेला नाही. ‘कळ ते नाव ते कृती’ या तीन पायऱ्यांचे महत्त्व पुढे क्यूटब्राउझरपाशी पुन्हा दिसेल.

व्हीआयमध्ये हीच गोष्ट वेगळ्या मार्गाने आली. तिथे ‘मॅप’ ही आज्ञा होती, आणि ती कळेला दुसऱ्या कळा जोडत असे. अमुक दाबले की तमुक दाबल्यासारखे समज. पद्धत सुटसुटीत, पण तिच्यात एक खड्डा आहे. जे म्हणजे के आणि के म्हणजे जे अशी अदलाबदल कोणी लिहिली, की जे के कडे पाठवते, के पुन्हा जे कडे, आणि हा फेरा संपत नाही. ब्रॅम मोलेनार यांच्या व्हिममध्ये (१९९१) म्हणून ‘नोरीमॅप’ ही वेगळी आज्ञा आहे : डावीकडची कळ बदल, पण उजवीकडच्या कळेचा मूळ अर्थच धर. व्हिम शिकणारा प्रत्येक जण कधी ना कधी या दोन आज्ञांतला फरक ठेच लागूनच शिकतो.

आता वेब. टिम बर्नर्स-ली यांचा पहिला ब्राउझर नेक्स्ट या महागड्या यंत्रावर, माउसवर चालणारा होता. पण असे यंत्र फार थोड्यांकडे होते. म्हणून सर्न येथे निकोला पेलो या विद्यार्थिनीने लाइन मोड ब्राउझर लिहिला. तो कोणत्याही साध्या टर्मिनलवर चाले. त्यात प्रत्येक दुव्यापुढे चौकटी कंसात एक आकडा छापला जाई. वाचकाने तो आकडा टंकला की दुवा उघडे. वेबचा प्रसार सुरुवातीला या साध्या ब्राउझरने फार मोठ्या प्रमाणावर केला. आणि त्याच्या आकड्यांचा वंश खुंटलेला नाही, हे थोड्याच वेळात दिसेल.

१९९२ मध्ये कॅन्सस विद्यापीठात लू मॉन्टुली, मायकेल ग्रोब आणि चार्ल्स रेझॅक यांनी लिंक्स घडवला. मूळ हेतू विद्यापीठातील माहिती वाटण्याचा. वेबची जोड नंतर आली. लिंक्स आजही वापरात आहे. त्याच्या पर्यायांत व्हीआयच्या कळा हव्यात की ईमॅक्सच्या, असे निवडता येते. दुव्यांना आकडे द्यायचे की नाही तेही ठरवता येते. आणि मांडणीच्या फाईलीत ‘कीमॅप’ असे लिहून एकेक कळ बदलता येते. अंध वाचकांच्या दृष्टीने तो दीर्घकाळ महत्त्वाचा ठरला, कारण पडदा वाचून दाखवणाऱ्या यंत्रणेला चित्रांपेक्षा ओळी सोप्या जातात. (मॉन्टुली पुढे नेटस्केपमध्ये गेला आणि त्याने कुकी निर्माण केली. एकाच माणसाने वाचकाला इतके स्वातंत्र्य आणि त्याच्यावर इतकी पाळत, या दोहोंची बीजे पेरावीत हा इतिहासाचा एक चमत्कारिक विनोद म्हणावा.)

मोझेइकनंतर वेब माउसचे झाले. मुख्य प्रवाहातल्या ब्राउझरांत नॉर्वेच्या ऑपेराने कळफलकाची परंपरा जपली. एका अक्षराचे शॉर्टकट, शिफ्ट आणि बाणांच्या कळांनी दुव्यावरून दुव्यावर उडी, आणि सगळ्या कळा पसंतीप्रमाणे बदलण्याची खिडकी. २०१३ मध्ये ऑपेराने आपले इंजिन सोडून क्रोमियमचा पाया घेतला आणि पंधराव्या आवृत्तीत ही समृद्धी जवळजवळ सारी गेली. जुन्या वापरकर्त्यांचा रोष इतका होता की ऑपेराचा एक संस्थापक योन फॉन टेट्झनर याने २०१५ मध्ये विवाल्डी हा नवा ब्राउझर काढला, आणि त्यात कळा बदलण्याची सोय सुरुवातीपासून ठेवली.

दरम्यान आणखी एक दावेदार पुढे आला होता : खुद्द पान. १९९७ च्या डिसेंबरात आलेल्या एचटीएमएल ४ ने ‘ॲक्सेसकी’ हा गुणधर्म आणला. पान लिहिणाऱ्याने एखाद्या दुव्याला अक्षर द्यावे, वाचकाने आल्टसह ते दाबावे. हेतू उदात्त होता. व्यवहारात पानाने मागितलेले अक्षर आणि ब्राउझरच्या मेन्यूचे अक्षर एकमेकांवर आदळू लागले. फायरफॉक्सने दुसऱ्या आवृत्तीत (२००६) पानांसाठीचा जोड आल्ट-शिफ्ट असा बदलून तो झगडा आपल्यापुरता मिटवला. पुढे जावास्क्रिप्टच्या बळावर पाने थेट कळा पकडू लागली. वेबवरची ईमेल-पेटी, नकाशा, व्हिडिओ, प्रत्येकाचे आपले शॉर्टकट.

याचा सर्वांत जास्त त्रास ज्यांना झाला त्यांचा उल्लेख या चर्चेत क्वचितच येतो. हातांनी टंकू न शकणारी, बोलून संगणक चालवणारी माणसे. त्यांच्या उच्चारलेल्या शब्दाचे प्रत्येक अक्षर कळेसारखे पानापर्यंत पोचते. एकेका अक्षराचे शॉर्टकट असलेल्या ईमेल-पेटीत चुकून एखादा शब्द उच्चारला गेला की कुठले पत्र पुसले जाईल आणि कुठले भलत्या कप्प्यात जाईल याचा नेम नाही. टेस्लरच्या ‘एडिट’च्या कथेची ही चाळीस वर्षांनंतरची आवृत्ती. जून २०१८ मध्ये जागतिक वेब संघटनेने सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांची २.१ ही आवृत्ती प्रसिद्ध केली, तिच्यातील २.१.४ या निकषानुसार एकाच अक्षराचा शॉर्टकट ठेवायचा असेल तर तो बंद करण्याची किंवा बदलण्याची सोय हवी, अन्यथा तो त्या घटकावर लक्ष असतानाच चालावा. निकष ‘ए’ म्हणजे किमान पातळीचा आहे. कळ बदलता येणे ही हौशी लोकांची चैन, असे ज्यांना वाटते त्यांनी हा निकष अवश्य वाचावा.

व्हिमची पद्धत ब्राउझरमध्ये रुजवण्याचे श्रेय मुख्यतः २००७ मध्ये मार्टिन स्टुबेनश्रॉक याने सुरू केलेल्या व्हिम्परेटर या फायरफॉक्स-एक्स्टेन्शनला जाते. त्याच सुमारास शॉन बेट्सचा कॉन्करर ईमॅक्सची पद्धत घेऊन उभा होता. दोन घराण्यांचे जुने वैर वेबवरही पोचले. व्हिम्परेटरने फायरफॉक्सचे मेन्यू आणि पट्ट्या दडवल्या, खाली आज्ञेची ओळ आणली, आणि दुव्यांवर चिठ्ठ्या लावल्या. त्या चिठ्ठ्यांवर मूळ मांडणीत आकडे होते, लाइन मोड ब्राउझरप्रमाणेच. कळा बदलायच्या तर व्हिमसारखीच एक फाईल आणि तिच्यात ‘मॅप’ किंवा ‘नोरीमॅप’. पुढे या प्रकल्पातून पेंटाडॅक्टिल ही शाखा निघाली.

हे सारे शक्य होते ते फायरफॉक्सची जुनी एक्स्टेन्शने ब्राउझरच्या अंतरंगात थेट हात घालू शकत म्हणून. ऑगस्ट २०१५ मध्ये मोझिलाने ही पद्धत बंद करण्याचे जाहीर केले आणि १४ नोव्हेंबर २०१७ रोजी आलेल्या फायरफॉक्स ५७ ने ती बंद केली. कारणे खरी होती. अंतरंगात हात घालणारी शेकडो एक्स्टेन्शने सांभाळत ब्राउझर अनेक प्रक्रियांत विभागणे दुरापास्त होते, आणि सुरक्षेचा प्रश्न होताच. पण त्या दिवशी व्हिम्परेटर आणि पेंटाडॅक्टिल दोन्ही नव्या फायरफॉक्सवर निकामी झाली. ट्रायडॅक्टिलने नव्या चौकटीत त्यांची जागा बरीचशी भरून काढली, तरी चौकटीची भिंत राहिलीच. एक्स्टेन्शनचा कोड पानाच्या आत चालतो, म्हणून ब्राउझरच्या स्वतःच्या सेटिंगच्या पानांवर, एक्स्टेन्शनच्या दुकानाच्या पानावर किंवा पत्त्याच्या पट्टीत त्याची कळ पोचत नाही. क्रोममधील व्हिमियमचीही हीच मर्यादा. वापरणारा अशा पानावर येतो, जे दाबतो, आणि काहीच होत नाही. दहा वर्षांत बोटांत मुरलेली सवय एका आवृत्तीने निराधार होते. मोझिलाचा निर्णय तांत्रिकदृष्ट्या योग्य होता असे मान्य करूनही म्हणावे लागते की ज्यांच्या सवयी मोडल्या त्यांची बाजू निर्णयाच्या पारड्यात फार हलकी पडली.

दुसरा मार्ग संपूर्ण ब्राउझरच वेगळा लिहिण्याचा. उझबल, लुआकिट, डीडब्ल्यूबी असे अनेक प्रयत्न झाले. त्यांतला डीडब्ल्यूबी देखभालीविना पडला. त्याच्या आणि व्हिम्परेटरच्या प्रेरणेने स्वित्झर्लंडच्या फ्लोरियान ब्रुहिन याने २०१३ च्या अखेरीस क्यूटब्राउझर लिहायला घेतला. भाषा पायथन, आणि पान रंगवण्याचे काम क्यूटी या संचातील तयार इंजिनाकडे.

या ब्राउझरच्या कळा-व्यवस्थेत ऑक्टोबर २०१७ मधील १.० या आवृत्तीने केलेला बदल इतिहासाच्या दृष्टीने विशेष बोलका आहे. आधी सगळ्या कळांची यादी, मूळच्या आणि वापरकर्त्याने बदललेल्या अशा दोन्ही, एकाच फाईलीत लिहिलेली असे. दिसायला पारदर्शक, पण नव्या आवृत्तीत मूळ बांधणी बदलली की फाईलीतली कोणती ओळ जुन्या मुळाची आणि कोणती माणसाच्या निवडीची, हे वेगळे करणे अवघड. वहीत छापील मजकूर आणि हाताने केलेल्या दुरुस्त्या एकाच शाईत असाव्यात, तसे. नव्या व्यवस्थेत दोन वेगळे थर झाले. मूळ बांधणी प्रोग्रामजवळ राहते. वापरकर्त्याच्या फाईलीत फक्त त्याचे बदल. आवृत्ती बदलली तर नवे मूळ मिळते आणि स्वतःचे बदलही टिकतात. ज्याला मूळ बांधणी मुळीच नको त्याने ती रिकामी ठरवून पाटी कोरी करावी. या सुधारणेची किंमत म्हणून जुन्या फाईलींतील बदल त्या वेळी लोकांना हाताने नव्या फाईलीत उतरवावे लागले. पण ती किंमत एकदाच मोजायची होती.

प्रत्यक्ष वापर सोपा आहे. मूळ बांधणीत मोठा जे पुढच्या टॅबवर नेतो आणि मोठा के मागच्या. टॅब आडव्या रांगेत असताना ‘खाली’ म्हणजे उजवीकडे, हे पुष्कळांच्या बोटांना पटत नाही. अशा वेळी आज्ञेच्या ओळीत ‘बाइंड’, मग कळ, मग ‘टॅब-प्रीव्ह’ असे कृतीचे नाव लिहिले की झाले. दुसरी ओळ के साठी. कायमचे हवे तर हेच पायथनच्या मांडणी-फाईलीत. इथे व्हिमचा अनंत फेरा उद्भवत नाही, कारण कळ दुसऱ्या कळेशी बांधलेलीच नाही, ती कृतीच्या नावाशी बांधलेली आहे. म्हणजे ज्या ब्राउझरचा चेहरा नखशिखान्त व्हीआयचा, त्याच्या कळांची घटना मात्र एमआयटीच्या ईमॅक्सची आहे. दोन घराण्यांच्या वैराबद्दल बोलणाऱ्यांनी ही सोयरीक ध्यानात घ्यायला हरकत नाही.

पानाच्या दाव्यावरही त्यात एक मध्यम मार्ग आहे. कंट्रोल-व्ही दाबले की ब्राउझर बाजूला होतो आणि पुढच्या साऱ्या कळा पानाकडे जातात. शिफ्ट-एस्केपने सत्ता परत घ्यायची. हाही एक मोडच. फरक इतकाच की सत्तांतराचा क्षण टंकणारा ठरवतो.

आता एच-जे-के-एल या चौकडीकडे परत येऊ. ती शेजारी बसते ती केवळ क्वर्टी कळफलकावर. १९३६ चे पेटंट असलेल्या ड्वोरॅक मांडणीत जे आणि के खालच्या ओळीत डावीकडे जातात आणि एल वरच्या ओळीत उजवीकडे. २००६ च्या कोलमॅकमध्ये एच जागेवर राहते, पण तिच्या पुढच्या तीन जागांवर एन, ई आणि आय येतात. तेव्हा काय जपायचे, अक्षर की जागा? कोलमॅक वापरणारे बरेच जण जागा जपतात आणि एन-ई-आय यांना दिशांचे काम देतात. पण एनकडे ‘पुढचा शोध’ हे काम आधीपासून असते, म्हणून तिला दुसरे घर शोधावे लागते, आणि एका बदलातून पाच बदल निघतात. दिशांना मूळ आधार होता तो फक्त एका टर्मिनलवरच्या छापील बाणांचा. ते टर्मिनल संग्रहालयात गेल्यावरही अक्षरांना चिकटून राहणे ही निव्वळ रूढी आहे.

हा प्रश्न मराठीत टंकणाऱ्यांपर्यंत येऊन थेट भिडतो. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये प्रमाणित केलेल्या आणि पुढे १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात समाविष्ट झालेल्या इनस्क्रिप्ट मांडणीत स्वर आणि मात्रा बहुतांशी डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला आहेत. तिच्यात एच, जे, के, एल या चार जागांवर प, र, क, त ही अक्षरे येतात. एखाद्याने क्यूटब्राउझरमध्ये मराठी मजकूर टंकला, एस्केप दाबून आज्ञांच्या मोडमध्ये परतला, पण मांडणी इंग्रजीवर आणायला विसरला, तर जे दाबल्यावर ब्राउझरला र मिळतो आणि र ला कोणताच अर्थ दिलेला नसतो. दुवे दाखवणारी एफ ऱ्हस्व वेलांटी देते, टॅब मिटवणारी डी हलन्ताचे चिन्ह. व्यंजनावाचून आलेली वेलांटी घेऊन ब्राउझर तरी काय करणार?

ग्रीक, रशियन आणि मराठी टंकणाऱ्यांची ही अडचण एकच. व्हिमने तिच्यासाठी ‘लँगमॅप’ हा पर्याय ठेवला आणि त्याच्या माहितीपुस्तिकेत ग्रीक अक्षरांचेच उदाहरण दिले. व्हिमियममध्ये कळफलकाची मांडणी दुर्लक्षून केवळ कळेची जागा पाहण्याचा पर्याय आहे. आधुनिक ब्राउझर प्रत्येक कळेबरोबर ‘कोणते अक्षर’ आणि ‘कोणती जागा’ अशा दोन्ही नोंदी पानाला देतात, त्यामुळे हे शक्य होते. मात्र तोच पर्याय ड्वोरॅकवाल्याने चालू केला तर ‘ओपन’साठीचा ओ त्याच्या कळफलकावरच्या ओपाशी राहत नाही. क्यूटब्राउझरमध्ये ‘की मॅपिंग्ज’ नावाची वेगळी मांडणी आहे : अमुक कळ आली तर ती तमुक समजावी, आणि मग तमुकला जे काही बांधले असेल ते चालवावे. तिच्यात र म्हणजे जे, क म्हणजे के, प म्हणजे एच आणि त म्हणजे एल अशी चार जोड्या लिहायच्या, आणि त्यांच्याखाली आपल्या रोजच्या वापरातल्या आणखी काही. द म्हणजे ओ ही जोडी त्यांत विसरू नये. नवा पत्ता तिच्यावाचून उघडत नाही.